मामाच्या वळणावर

"काका, एक सांगू का? राग मानू नका," असं म्हणून दुकानातल्या माणसानं माझा पाय हातात धरून ठेवला. मला वाटलं, हा आता ह्याहून भारीतला जोड काढणार. लक्ष्मी रोडवर दुपारी गर्दी कमी असते म्हणून मी प्रेसमधून अर्ध्या तासाची सुट्टी काढून आलो होतो. लेकीच्या लग्नात बापाच्या पायांत बूट दिसले पाहिजेत, हा बायकोचा हट्ट. मी उभा जन्म मागून उघड्या चपलांवर काढला आहे, कारण कुठलाही बूट मला टाचेच्या वर चावतो. चार जोड चावून झाले होते. त्या माणसानं, असेल माझ्याच वयाचा पण मला काका म्हणत होता, पाचवा जोड बाजूला सारला आणि टाचेमागची जाड शीर दोन बोटांत धरून दाबली. "ही गाठ पहिल्यापासून आहे?" मी म्हटलं, पहिल्यापासून, आमच्या मामाकडून आलेली. हे मी थोड्या ऐटीतच सांगितलं असणार. तो हसला नाही. "माझ्या थोरल्या भावाला अशीच होती, दोन्ही पायांना. बूट बसत नाही म्हणून आम्ही त्याची चेष्टा करायचो. छत्तिसाव्या वर्षी गेला, हार्टनं. मग डॉक्टर म्हणाले, कुणी टाचा बघितल्या असत्या तर. तेव्हापासून मी बघतो. एकदा रक्त तपासून घ्या, काका." त्यानं माझा पाय खाली ठेवला आणि खोकी आवरायला लागला. बूट काही मी घेतला नाही.

मला त्याचा रागच आला होता. माणूस बूट घ्यायला गेला तर बूट विकावा, मरण विकू नये. पण प्रेसपर्यंत चालताना मी टाच जरा जपून टाकत होतो, हेही खरं. गेनबामामा दिसायला लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भोरहून हिर्डोशीला जायचं म्हणजे एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर चालत. मी पाच-सहा वर्षांचा, मामाच्या खांद्यावर, आणि माझी थोरली बहीण नूतनअक्का मला चिडवत मागून येणारी. हिर्डोशीला पोचलं की मामा ओट्यावर पाय पसरून बसायचा आणि मी त्याच्या टाचांना खोबरेल चोळायचो. टाचेच्या वर त्याला अशीच गाठ, कवडीएवढी, कातडीखाली किंचित सरकणारी. मी विचारायचो, मामा, हे काय? "ही व्हय? ही वरंध्याची गाठ. घाट चढून चढून पडलीया. तुला बी पडंल, मामाच्या वळणावर गेलायस न्हवं?" मला पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती पडली तेव्हा मी घाट चढलेलाच नव्हता, भोरच्या शाळेत बाकावर बसत होतो, पण आई कौतुकानं शेजारणीला म्हणाली होती, बघा, टाचसुद्धा मामाची उचलली. मामा तोवर राहिला नव्हता. एकोणचाळिसाव्या वर्षी, भात कापता कापता बांधावर बसला आणि म्हणाला, पित्त झालंय वाटतं, जरा वाईच ओवा द्या. ओवा आणेपर्यंत संपलं होतं. ओवा त्याच्या मुठीत तसाच राहिला असं आई सांगायची. तिला सगळ्यात जास्त त्या ओव्याचं वाईट वाटायचं, की त्याला तो चावायलाही मिळाला नाही. नंतर दहा वर्षांनी धाकटा गोरखमामा, त्रेचाळिसाव्या वर्षी, मुंबईहून आलेल्या एसटीतून उतरताना. त्यालाही पित्तच झालं होतं म्हणतात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रक्त तपासून झालं होतं, कागद त्यांच्यासमोर होता, आणि त्या कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या, हे मला आवडलं नाही. घरात पन्नाशीच्या आत कोणी गेलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आमचे वडील ब्याऐंशी वर्षांचे होऊन गेले, आजोबाही तसेच, चुलते अजून ठणठणीत आहेत. "आणि आईकडचे?" आईकडचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर ज्या ज्या फॉर्मवर सही केली त्यावर वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, मामाचं नाव लिहायला कुणी जागाच ठेवली नव्हती. मी दोघा मामांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, अजून कोण? मग आईचे एक काका आठवले, मग एक चुलतभाऊ, मी बोटांवर मोजायला लागलो आणि पाचव्या बोटावर थांबलो. त्यांनी माझी टाच बघितली, मग विचारलं, घरात कुणाच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळे चट्टे आहेत का? मी एकदम म्हणालो, "हळदीचे डोळे!" आणि मग त्यांना ते समजावून सांगता सांगता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला.

हिर्डोशीच्या आमच्या आजोळच्या लेकींना हळदीचे डोळे असतात. सगळ्यांना नाही, एकीआड एकीला. पस्तिशीच्या आसपास पापणीच्या आतल्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा ठिपका उठतो, मग हळूहळू पसरतो. देवीनं स्वतः हळद लावली म्हणायचे. त्यामुळे आसपासच्या कुणाच्याही लग्नात नवरीला पहिलं हळदीचं बोट आमच्या आईचं. बोलवायला माणूस यायचा, बैलगाडी यायची, पुढे पुढे टेम्पो यायला लागला. जिला देवीनं आधीच हळद लावली तिची हळद उतरत नाही, असं म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. आईच्या हयातीत आमचे वडील कधी साध्या तापानंही निजले नाहीत. ह्या सगळ्या बायकांचे नवरे धडधाकट, भाऊ मात्र एकामागून एक बांधावर बसणारे. पण बाईचं नशीब मोजताना नवरा मोजतात, भाऊ कोण मोजतो? आई गेल्यावर ते बोट नूतनअक्काकडे गेलं. ती पासलीला दिलेली, वेल्ह्याच्याही पुढे, आणि आता त्या खोऱ्यातली लग्नं तिच्यावाचून अडतात. तिच्या पापण्यांवरचे ठिपके आईपेक्षा मोठे आहेत. मी प्रत्येक भाऊबिजेला ते जवळून बघत आलो आहे, ती ओवाळताना वाकते तेव्हा.

बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. रक्तातली चरबी उचलून नेण्याची जी सोय असते ती काही घराण्यांत जन्मापासून अर्धीच चालते. ती चरबी टाचेत साठते, पापणीवर साठते आणि हृदयाच्या नळ्यांतही साठते. खाण्यापिण्यावर सगळं नाही, बारीक माणसालाही असतं. त्यात माझी साखर काठावर आणि पोट सुटलेलं, म्हणजे आगीत तेल. पण रोज एक गोळी घेतली आणि वेळेत घेतली तर माणूस म्हातारा होऊ शकतो. "तुमच्या मामांना ही गोळी मिळाली असती तर आज ते तुम्हाला रागावायला असते," असं त्या म्हणाल्या, आणि ते मला फार लागलं. मग म्हणाल्या, भावंडांची आणि मुलांची तपासणी करा, निम्म्यांना असू शकतं. मी उठता उठता, उगाच, बोलायचं म्हणून म्हणालो, मुलीचं माघात लग्न आहे, माझ्या बहिणीच्याच मुलाशी. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा," म्हणाल्या.

तेच ते गणित मी तीन आठवडे रोज मनातल्या मनात करत होतो. शिवानीचं रक्त तपासलं, तिच्यात आहे. तेविसाव्या वर्षी, पाच फूट दोन इंचांची काडी, आणि आकडा माझ्याजवळ पोचणारा. आता इंद्रजितमध्येही असेल तर, प्रत्येक मुलामागे चारांतली एक शक्यता की त्याला दोन्हीकडून येईल, आणि दोन्हीकडून आलं तर त्या मुलाला चाळिशीची वाट बघावी लागत नाही, शाळेतच सुरुवात होते. नसेल तर काही नाही. म्हणजे मला अक्काकडे जाऊन दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, माझ्या मुलीच्या रक्तात खोट आहे. दोन, तुझ्या मुलाचं रक्त काढून दे. मुलीच्या बापानं मुलाकडच्यांना हे म्हणायचं! बायकोनं डोळे पुसले आणि व्यवहाराचं बोलली. "लग्न होऊन जाऊ दे. मग तपासतील, गोळ्या खातील, काय ते. आत्ता बोललात तर मोडेल, आणि मोडलं की कारण सगळीकडे कळेल. मग कोण करणार तिला?" तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. हे लग्न आम्ही कुणी जुळवलेलंही नव्हतं. मामाच्या मुलीवर हक्क असतो म्हणून पोरं लहान असताना सगळेच चेष्टा करायचे, शिवानी पाय आपटून रडायची. मग इंद्रजितनं पानशेतला पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल काढलं, ही मैत्रिणींना घेऊन तिथं जायला लागली, आणि एक दिवस चेष्टा थांबली. दोघांनी एकमेकांना अहो-जाहो करायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला कळलं. ह्या शिवानीला मी विचारलं, काय करू? ती गोळीचं पाकीट हातात घेऊन बसली होती. "बाबा, आत्याला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. माझं लपवून मला त्या घरात पाठवू नका. मग मला ही गोळीसुद्धा जन्मभर चोरून खावी लागेल." एवढं बोलून ती आत गेली, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी लग्नपत्रिकांची प्रुफं वाचतो. बावीस वर्षं हेच काम. लोक आपल्याच आजोबांचं नाव चुकीचं लिहून आणतात, मी ते विचारून दुरुस्त करतो, आणि त्याबद्दल कुणी आभार मानत नाही. चि. आणि चि.सौ.कां. ह्यांत टिंब कुठं द्यायचं ह्यावरून मी मालकांशी भांडलेलो आहे. त्या तीन आठवड्यांत एका दुपारी शिवानीच्याच पत्रिकेचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं आणि मी वाचायला घेतलं. चि. इंद्रजित. मी इतकी वर्षं चि. हे अक्षर बघत आलो, चिरंजीव हा शब्द कधी वाचला नव्हता. पुष्कळ जग, एवढंच लिहिलेलं असतं तिथं. खाली नाव घालून, छापून, आम्ही हजार-हजार लोकांना वाटतो. आणि वर आशीर्वादाच्या ओळीत आमच्या आजोळची नावं, एकेका नावामागे कै. कै. कै. ती ओळ मी किती लग्नांच्या पत्रिकांत घेतली असेल. त्या कैलासवासींची वयं लिहायची पद्धत असती तर एखाद्या प्रूफ वाचणाऱ्याच्या तरी लक्षात आलं असतं. मालक म्हणाले, "धनाजीराव, घरचं काम म्हणून रेंगाळू नका, सोडा छपाईला." मी प्रूफ खणात टाकलं आणि सांगितलं, एक नाव नक्की करायचं राहिलंय.

रविवारी मी निघालो. वेल्ह्यापर्यंत एसटी, तिथून वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप. मार्गशीर्षातलं ऊन, भातं कापून झालेली, खाचरांत नुसती थोटकं, आणि खळ्याखळ्यावर पेंढ्याच्या गंजी. जीपमध्ये एका म्हातारीनं मला विचारलं कुणाकडं, मी सांगितलं, तर म्हणाली, "नूतनबाईचं भाऊ व्हय! माज्या नातीला तिचंच बोट लागलं, तवा लगीच पोरगं झालं बगा." मी मान हलवली. अक्का खळ्यावरच होती, सुपानं भात उपणत. कुसळं तिच्या केसांत, भुवयांवर, आणि त्या पिवळ्या पापण्यांवर बसलेली. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. "आलास व्हय रं, धना? आनि येकटाच? शिवानीला का न्हाई आनलं? का आत्तापास्नंच लाजाय लागली सासूला?" तिच्याशी बोलताना माझी पुण्यातली भाषा गळून पडते. मी म्हटलं, तिला काम हाय. खळ्यापासून घर चढावर, पन्नास-साठ पावलं. मधे अक्का थांबली, कुणाच्या तरी कुंपणाकडे बघितल्यासारखं केलं, गळ्याशी हात नेला, आणि पुन्हा चालायला लागली. मी विचारलं, काय होतंय? "कुठं काय. पित्त हाय. चढाला जरा वर येतंय. ओवा खाल्ला की बसतंय." मला तिला तिथंच, त्या चढावर, उचलून घ्यावंसं वाटलं. ती मला खांद्यावर घेणाऱ्या मामाच्या मागून चालत यायची तेव्हा मी मागे वळून तिला जीभ दाखवायचो. ती कधी म्हणाली नव्हती की आता मला घ्या.

दाजी शेतावर गेले होते, इंद्रजित पानशेतला. घरात आम्ही दोघंच, आणि तरी मला सांगता येईना. तिनं चूल फुंकली, मी पाहत बसलो. तिनं पत्रिकेचं विचारलं, मी म्हटलं, छापतीया. तिनं देवकाचं, मानपानाचं, कुणाकुणाला साडी द्यायची त्याचं काढलं, मी हूं हूं करत गेलो. इंद्रायणीचा गरम भात वाढून ती तुपाचा गडवा घेऊन आली. हा भाताच्या वरचा तुपाचा खळगा म्हणजे अक्काची माया, लहानपणापासून. मी ताटावर आडवा हात धरला. "नगं, अक्का." ती हसली. पुन्हा वाढायला आली, मी पुन्हा हात धरला, आणि ताटातलं मटणाचं वाटकंही जरा लांब सारलं. तिचा गडवा हवेतच राहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटत गेलेलं मी पाहिलं. "असं व्हय," ती म्हणाली. "लेकीच्या घरचं खायचं नसतं, नातवंड हुईस्तवर. इसरलेच की मी. तू आता मुलीचा बाप हायस. पर आजून लगीन कुठं झालंय रं? आज तर मी नुसती तुझी भन हाय. आजचा दीस तरी जेव की बहिनीच्या हातचं." आणि गडवा तसाच धरून ती रडायला लागली, आवाज न करता.

मग माझ्यानं राहवलं नाही. तिचा तो गैरसमज इतका चुकीचा आणि इतका तिचा होता की मी ताटावरून उठलो, खरकट्या हातानंच तिच्याजवळ गेलो आणि सगळं एकदम ओतलं. बुटाचं दुकान, टाच, माझं रक्त, गेनबामामा, गोरखमामा, शिवानी. "ही हळद न्हाई, अक्का. ही चरबी हाय. आपल्या आजोळचीच हाय. आईला होती, तुला हाय, मला हाय." तिनं बोटानं आपली पापणी चाचपली, एक, मग दुसरी. चुलीवर आमटी उतू जात होती, ती तिनं सवयीनं खाली घेतली. मग फार हळू विचारलं, "धना, म्या आत्तापत्तूर कितीक पोरींच्या गालाला बोट लावलं. त्यास्नी लागलं असंल का रं?" मी म्हटलं, "न्हाई गं. हे हातानं लागत न्हाई. निस्तं पोटातनं जातं." तिला हायसं वाटलं असं मला दिसलं, आणि पुढच्याच क्षणी तिनं माझ्याकडे वर बघितलं. पोटातनं म्हणजे काय ते तिला कळलं होतं. "माझा इंद्रा?" मी तपासणीचं सांगितलं. चारांतल्या एकाचं गणितही सांगितलं, अडखळत. ती ऐकत होती, पण मधेच म्हणाली, "तुला कळून किती दीस झालं?" तीन आठवडे, मी म्हटलं. "तीन आठवडं," ती म्हणाली. "तीन आठवडं तू मला बहीण समजला न्हाईस, येहीण समजलास." मी पुन्हा ताटावर बसलो, बिनतुपाचा भात आमटीशी खाल्ला, सगळा. ती समोर बसून राहिली. निघताना तिनं नेहमीसारखी तांदळाची पिशवी दिली, पण पायरीपर्यंत आली नाही.

बुधवारी इंद्रजितचा फोन आला की दोघांचंही रक्त दिलंय, आईचं आणि माझं. तो नेहमीसारखाच हसत बोलत होता. मामा, लग्नाआधी जावयाची एवढी तपासणी कुणी करत नाही, तिचा खर्च अंगठीतून कापून घ्याल वाटतं, वगैरे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शिवानीनं मला सांगितलंय सगळं. माझं ठरलेलं आहे, मामा, काहीही येवो. पोरं नसली तर नसली. पण घरात अण्णा विचारत होते, पोरगी आजारी म्हनायची का मग? आई कायच बोलत नाही. नुसतं काम करतीय." अण्णा म्हणजे दाजी. मी म्हटलं, विचारू दे, त्यांचा हक्क आहे. आणि फोन ठेवल्यावर मला दाजींचा राग आला, मग अक्काचा, मग त्या बुटाच्या दुकानातल्या माणसाचा पुन्हा एकदा. शिवानी कामाला जात होती, येत होती. तिच्या उशाशी ते गोळ्यांचं पाकीट रोज एकेका घरानं रिकामं होत होतं. ती गोळी आमच्यासमोर घेत नव्हती. आम्ही बघत नाही असं बघून घ्यायची. मी कधी नव्हे ते देवापुढे उभा राहिलो आणि काय मागायचं ते मला सुचेना. इंद्रजितला नसू दे, हे मागितलं तर पुढच्या श्वासाला वाटायचं, मग ती एकटीच सदोष ठरेल. असू दे म्हणायला जीभ रेटायची नाही. पोरासाठी मागावं तर पोरीवर उलटतं, असला हा देवाचा दरबार.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. खाली इंद्रजितचं, मामा हे बघून सांगा, मला यातलं कळत नाही. मी प्रूफ वाचतात तसं वाचलं. आधी नावं, मग वयं, मग चरबीचे आकडे, एकेका आकड्याखाली पेन्सिल धरून. नूतन बाजीराव, वय एकावन्न, दोनशे एकाहत्तर. इंद्रजित बाजीराव, वय सव्वीस, ब्याण्णव. नाव उलटसुलट तर झालं नाही ना म्हणून पुन्हा वाचलं. ब्याण्णवच. डॉक्टरीणबाईंना पाठवलं, त्यांनी उलट लिहिलं, जनुकाची तपासणी केली तर पक्कं होईल, पण इतका साधा आकडा असताना काळजीचं कारण दिसत नाही, बहिणीला मात्र लगेच घेऊन या, चढावर गळ्याशी येतं म्हणता ते मला बघायचंय. मी खुर्चीत बसून राहिलो. चि. इंद्रजित. आनंदच झाला, नाही कसा, डोळे भरून आले. पण त्याच्या तळाशी कुठंतरी एक बारीक कळ होती आणि ती मला ओळखूही आली. सव्वीस वर्षं लोक त्याला मामाच्या वळणावर गेलाय म्हणत आले आणि सव्वीस वर्षं मी ते ऐकून मनातून फुलत आलो. हसणं माझं, चालणं माझं, चहा बशीत ओतायची खोड माझी. आणि नेमकं हेच त्यानं घेतलेलं नव्हतं. देव करो आणि सगळ्या भाच्यांनी असंच मामाला टाळावं, असं म्हणून मी अक्काला फोन लावला.

पासलीला घरात रेंज येत नाही, ती परड्याच्या कडेला येऊन उभी राहिली असणार, कारण वारा ऐकू येत होता. मी म्हटलं, "अक्का, इंद्राला न्हाई. त्याचं साफ हाय."

"न्हाई?"

"न्हाई. तुला हाय. पर गोळीनं खाली येतंय. सोमवारी तुला न्यायला मी येतो, डॉक्टरनं बलावलंय."

मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, "म्हंजी माझं कायबी घेतलं न्हाई त्यानं." ती रडत नव्हती. नवल केल्यासारखा आवाज होता. "नऊ म्हैनं वागवला, आनि निस्ता बापाचाच निघाला."

"अक्का, असं नसतं गं ते."

"असू दे. बरंच झालं. माझी नजर लागाय नगं त्याला." थोडं थांबून तिनं विचारलं, "शिवानीत हाय म्हनलास न्हवं?"

हाच तो प्रश्न. मागे मशीन चालू होतं, मी कानावर हात धरला. "हाय," मी म्हटलं.

"माझ्यागत?"

"तुझ्यागतच."

"मग झालं तर. पोरगा त्यांचा निघाला, पोरगी माझी निघाली. माझी पोरगी माझ्याकडं धाड."

"दाजी..."

"त्यास्नी म्या सांगितलंय. तिला आजारी म्हनायचं आसंल तर आदी मला म्हना, तीस वरसं नांदवली की आजारी बायकू." आता तिचा आवाज जरा हलला. "धना, ती गोळी कवा घ्यायची आसती रं?"

"रोज येक. ठरल्या टायमाला."

"जेवल्यावर चालंल?"

"चालंल."

"मग बरं. गडीमान्सं जेवून उठली की आमी दोगी मागनं निवांत बसनार. तवाच घिऊ, संगट. येकीनं दुसरीला आटवन करायची."

मी काहीतरी म्हणालो, बहुतेक हो म्हणालो. पुढे ती पत्रिकेत तिच्या दिराचं नाव आधी पाहिजे का नंतर ते बोलत होती, मी रडत होतो, आणि मशीनच्या आवाजात ते तिला कळलं की नाही कोण जाणे.